टेस्टर आणि बायकोची लाइन

त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कानावर पडायचं. एरवी वीज कंपनीत साहेबांपासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळे त्याला टेस्टर म्हणत. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, हा टेस्टर लावायचा. पण नाव काही तेवढ्यावरून पडलं नव्हतं. खांबावर चढायच्या आधी कुणी ओरडलं, "लाइन बंद आहे, चढ बिनधास्त," की हा त्या माणसाकडे असा बघायचा जणू त्याने पाकीट मारलंय. मग स्वतः तपासायचा. साहेबांनी सांगितलं तरी तपासायचा. स्वतःच्या हाताने बंद केलेली लाइनसुद्धा पुन्हा तपासायचा. मधल्या वेळात कुणी हरामखोराने चालू केली नसेल कशावरून?

सगळे हसायचे. एका दुपारी ते हसणं थांबलं. टेस्टरचा जोडीदार, अंगाने थोराड आणि मनाने भोळा माणूस, शेजारच्या खांबावर होता. कचेरीतून निरोप आला, "लाइन क्लिअर." त्यांच्या भाषेत याचा अर्थ, वीज तोडलीय, कामाला लागा. टेस्टर सवयीप्रमाणे तपासत राहिला आणि जोडीदाराने हात घातला. तो जगला, पण दोन्ही पंजे कोळपून गेले. पुढे कंपनीने त्याला सामानाच्या कोठारात बसवलं. क्लिअर म्हणणारा कचेरीतला माणूस शेवटपर्यंत शपथेवर सांगत राहिला, की मी दुसऱ्याच लाइनबद्दल बोलत होतो.

तेव्हापासून टेस्टरचा माणसांच्या बोलण्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच. खांबावर या स्वभावाने त्याचा जीव सांभाळला, घरात मात्र इतरांचा जीव नकोसा केला. एका डॉक्टरने दिलेलं औषध तो दुसऱ्याला दाखवायचा, आणि दुसरा काय म्हणाला हे पहिल्याला जाऊन विचारायचा. मुलीचं लग्न ठरत होतं, तेव्हा याने होणाऱ्या जावयाच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडे आपले शर्ट टाकायला सुरुवात केली. रोज एक शर्ट, आणि शर्टागणिक जावयाची चौकशी. जावई सज्जन निघाला. त्याचाही टेस्टरला संशय. "इतका कसा चांगला? काहीतरी असणारच."

बायको घरी शिवणकाम करायची. मशीन सुरू केलं की त्याचे प्रश्न त्या खडखडाटात बुडून जात, आणि नोकरी होती तोवर तो दिवसभर बाहेरच असे. मग तो रिटायर झाला, मुलगी सासरी दुसऱ्या शहरात, आणि आयुष्यभराच्या संशयाला घरात एकच माणूस उरलं.

"फोन कुणाचा होता?"

"ब्लाउजवाल्या बाईंचा."

"ब्लाउजाबद्दल इतका वेळ?"

"बाह्यांबद्दल बोलत होत्या."

"बाह्या दोनच असतात ना?"

असं सकाळपासून संध्याकाळपर्यंत. बायको आधी चिडायची, मग गप्प बसायला लागली. आणि मग एक दिवस तिचं गप्प बसणंही बदललं. ती शांत दिसायला लागली. आठवड्यातल्या काही दुपारी केस नीट विंचरून, इस्त्रीचे कपडे घालून, पर्स खांद्याला लावून ती बाहेर पडू लागली.

"कुठे?"

"नर्सबाईंकडे."

या नर्सबाई म्हणजे दवाखान्यातून रिटायर झालेल्या एक बाई. बायकोची त्यांच्याशी नवीनच मैत्री झाली होती. टेस्टरने त्यांना पाहिलेलं नव्हतं.

"काय करता तिथे?"

"बोलतो. खरं तर ऐकतोच जास्त."

"कुणाचं?"

यावर बायको नुसती हसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे हसणं त्याच्या ओळखीचं नव्हतं.

त्यानंतर एका सकाळी तो दाढी करत होता. अर्ध्या गालाला फेस. स्वयंपाकघरातून बायकोचा दबका आवाज आला, तसा तो वस्तरा हातात घेऊन दाराआड जाऊन उभा राहिला. ती फोनवर सांगत होती, "नर्सबाई, काल मला लाइन सोडवेचना हो. तो सारखा म्हणत होता, ठेवू नका, ठेवू नका. मी म्हटलं, नाही ठेवत, मी आहे ना... छे, यांना काही माहीत नाही. सांगायचं नाही म्हणजे नाही."

गालावरचा फेस वाळला तरी टेस्टर तिथेच उभा होता. तो? तो कोण? आणि लाइन कसली?

त्याच्या लेखी लाइन म्हणजे एकच, खांबावरून जाणारी. ती येते, जाते, कधी चटका देते. बायकोच्या तोंडी हा शब्द त्याने एरवी ऐकला होता तो "लाइन गेली वाटतं" एवढ्यापुरता. आता ती ज्या लाइनबद्दल बोलत होती, तिचा त्याला अंदाज लागेना. तो तडक कोठारात जोडीदाराकडे गेला. जोडीदार दोन मनगटांत कप धरून चहा पीत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसता हसता त्याला ठसका लागला.

"अरे, सरळ आहे. कुणीतरी लाइन मारतंय वहिनींवर. या वयात! भाग्यवान आहेत."

"तोंड सांभाळ."

"मग वहिनींनाच विचार की."

"खरं सांगेल कशावरून?"

जोडीदार हसायचा थांबला. "तुझ्या हातात टेस्टर आहे म्हणून प्रत्येक ठिकाणी टोचून बघायलाच हवं का रे?" असं काहीतरी तो म्हणाला, पण तोवर टेस्टर दाराबाहेर पडला होता.

मुलगी शाळेत इंग्रजी शिकवायची. त्याने तिला फोन लावला.

"लाइन म्हणजे काय गं?"

"बाबा, जन्म लाइनवर काढलात आणि मला विचारता?"

"इंग्रजीत आणखी काय काय होतं ते सांग."

मुलीला वाटलं, बाबांना चांगला छंद लागला. ती उत्साहाने सांगत सुटली. "रेघ. ओळ. रांग. वायर. दोरी, म्हणजे मासे धरायच्या गळाचीसुद्धा. रेल्वेचा रूळ. हद्द. कपाळावरची आठी. नाटकातल्या पात्राचं वाक्य. घराणं, वंश. धंदा, म्हणजे तुम्ही कुठल्या लाइनमध्ये, तसं. आणि कोटाला आतून अस्तर लावणं, तेही लाइनच. आईला विचारा."

"आईला कशाला विचारायचं?" तो एकदम खेकसला.

"अस्तर लावते म्हणून! झालंय काय तुम्हाला?"

"काही नाही. शब्दकोडं सोडवतोय."

फोन ठेवून त्याने एकेक अर्थ बायकोला लावून बघितला. रांग म्हणावी, तर कुठली रांग माणसाला सोडवत नाही? नाटकातलं वाक्य? बायको लपूनछपून नाटकात काम करतेय? ती तर फोटो काढतानाही पापण्या मिटते. गळाची दोरी या अर्थापाशी तो बराच वेळ अडकला. कुणीतरी गळ टाकून बसलाय आणि आपली बायको त्याला लागलीय, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. मग धंदा. ही बाई नेमक्या कुठल्या लाइनला लागली?

पुढच्या खेपेला ती बाहेर पडली, तसा तो तिच्या मागे निघाला. मध्ये चांगलं अंतर ठेवून, दुकानांच्या पायऱ्यांवर थांबत थांबत. ती काचा कापणाऱ्यांच्या गल्लीतून गेली, छापखाना ओलांडला आणि एका चष्म्याच्या दुकानाशेजारचा जिना चढली. मागे वळून पाहिलं नाही, थबकली नाही. रोजचा जिना असावा तशी चढली. वरच्या दाराला पाटी नव्हती. टेस्टरच्या मनात पहिली नोंद झाली, पाटी का नाही?

समोरच्या दुकानाच्या छपराखाली तो उभा राहिला. जिन्यावरून एक टक्कल पडलेला गृहस्थ वर गेला, मग कॉलेजातली वाटावी अशी एक मुलगी. त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं वाटेना. मग सवयीने त्याची नजर तारांकडे गेली. वीज आणि टेलिफोन, दोन्हींची जात वेगळी, पण तार दिसली की ती कुठून कुठे जाते हे बघितल्याशिवाय त्याला राहवत नसे. टेलिफोनच्या चांगल्या जाडजूड वायरींचा जुडगा त्या एका खिडकीत शिरत होता. एका खोलीत एवढ्या लाइनी?

आता त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हाताऱ्या माणसांना फोन करून गंडवणाऱ्या टोळ्यांबद्दल त्याने पेपरात वाचलं होतं. गोड आवाजाच्या बायका ठेवतात म्हणे. बायकोचा आवाज तर गोडच. 'ठेवू नका, ठेवू नका' म्हणणारा तो बिचारा म्हणजे सावज! प्रियकरापेक्षा हे बरं की वाईट, हे त्याला ठरवता येईना. पण उलगडा झाला म्हणून त्याला किंचित बरंही वाटलं.

दोन दिवसांनी बायको निघून गेल्यावर त्याने जुना खाकी गणवेश काढला. पोटावरचं बटण लागेना, त्यावर पिशवीचा पट्टा ओढून घेतला. जिना चढून दार वाजवलं. पांढऱ्या केसांच्या, ताठ पाठीच्या एका बाईंनी उघडलं.

"लाइन तपासायला आलोय."

"आलात एकदाचे! किती दिवस तक्रार करतोय. एका फोनला सारखी खरखर आहे." त्या कुजबुजत बोलत होत्या. "बूट काढा आणि आवाज करू नका."

याच नर्सबाई असणार. आणि हिने ओळखपत्रसुद्धा मागितलं नाही! एक तर बाई बावळट, नाही तर पक्की बनेल, असं मनाशी म्हणत तो आत शिरला.

आत एक लांबट खोली होती. प्लायवूडच्या फळ्या लावून तिचे छोटे छोटे कप्पे केले होते. प्रत्येक कप्प्याच्या तोंडाशी पडदा. बाहेरच्या टेबलावर पाण्याचा जग, पालथे पेले आणि कागदी रुमालांचा खोका. टोळीच्या अड्ड्यावर हे रुमाल कशाला, असं त्याला वाटून गेलं. नर्सबाईंनी भिंतीवरच्या टेलिफोनच्या डबीकडे बोट दाखवलं आणि त्या आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

डबीच्या शेजारच्याच पडद्याआडून बायकोचा आवाज येत होता.

"हं."

"हो, ऐकतेय."

"नाही हो, मला कुठेही जायचं नाहीये. तुम्ही बोला."

टेस्टरची कानशिलं तापली. या आवाजात ती आपल्याशी शेवटचं कधी बोलली, ते त्याला आठवेना. की आपणच कधी ऐकलं नाही? त्याने डबीचं झाकण काढलं आणि आत हात घातला. कशासाठी घातला, हे त्याने पुढे स्वतःलाही नीट सांगितलं नाही. तपासायला, असं म्हणता आलं असतं. गंजक्या स्क्रूखालची एक तार बोट लागताच मोडली.

पडद्याआड बायको म्हणाली, "हॅलो? हॅलो, ऐकू येतंय का? अहो, आहात ना? हॅलो!"

शेवटचा हॅलो वेगळाच होता. माणूस असा हाका मारतो तो समोरच्याचा जीव टांगलेला असताना. त्याने ते तारेचं टोक चिमटीत धरलं आणि होतं त्या जागी अंगठ्याने घट्ट दाबलं.

"हां... आहात. आवाज गेला होता मध्येच. नाही हो, मी नाही ठेवला फोन. मी कशाला ठेवीन? हे बघा, आहे की मी इथेच." बायकोने श्वास घेतलेला त्याला ऐकू आला. "आता आधी ते हातातलं खाली ठेवा. टेबलावर ठेवलं? बरं. आता त्या खोलीतून बाहेर या. फोन कानालाच राहू द्या. या हळूहळू."

आणि टेस्टरला कळलं. ही कसली लाइन आहे, रुमाल कशाला आहेत, पाटी का नाही, सगळं एकदम कळलं. कुठेतरी कुणीतरी माणूस जीव द्यायच्या बेतात बसलाय आणि त्याला धरून ठेवणारी तार आपल्या अंगठ्याखाली आहे.

नर्सबाई उठून जवळ आल्या. त्याने ओठांवर दुसऱ्या हाताचं बोट ठेवलं आणि नजरेनेच तार दाखवली. मोडून ती आखूड झाली होती. पुन्हा कसायची तर आधी सोडायला हवी, आणि सोडायची सोय नव्हती. नर्सबाईंनी एक स्टूल आणून त्याच्या मागे ठेवलं. तो बसला नाही. बसताना हात हलला तर?

बायको बोलत राहिली. त्या माणसाचा भाऊ यायला निघाला होता म्हणे. "तो पोचेपर्यंत बोलू की आपण," ती म्हणाली, आणि मग तिने त्याला लहानपणच्या सायकलबद्दल विचारलं. कुठल्या रंगाची होती? घंटी होती का? पडलात कधी? प्रश्नच होते सगळे, आणि पाठोपाठ येत होते. पण असे प्रश्नसुद्धा विचारता येतात, हे टेस्टर पहिल्यांदाच ऐकत होता. तिला उत्तराची खातरजमा करायची नव्हती. हिरवी म्हणाला तर हिरवी. त्याचा अंगठा पांढरा पडला, मग बधिर झाला. घाम डोळ्यांत उतरला, तो पुसायलाही त्याने हात उचलला नाही.

"दार वाजलं? भाऊच आहे ना? बघा आधी... बरं. द्या त्याच्याकडे." मग भावाशी हलक्या आवाजात चार शब्द, आणि फोन ठेवल्याचा आवाज.

पडदा सरकवून बायको बाहेर आली. डोळे लाल, चेहरा दमलेला. समोर खाकी कपड्यांतला नवरा, अंगठा भिंतीला टेकवून उभा.

"हे लाइनवाले आहेत," नर्सबाई म्हणाल्या. "बिचाऱ्यांनी तार धरून ठेवली म्हणून बरं, नाहीतर—"

"माहीत आहेत मला," बायको म्हणाली. "माझेच आहेत."

नर्सबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्या न लागलेल्या बटणाकडे, आणि त्या पाणी आणायला वळल्या.

घरी परत जाताना दोघं छापखान्यापर्यंत आली. मग बायकोने विचारलं, "तार तुटली की तोडलीत?"

"तुटली."

"आपोआप?"

टेस्टर थांबला. असा प्रश्न समोरून येतो तेव्हा कसं वाटतं, हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं. "हात मीच घातला होता," तो म्हणाला.

"तो माणूस गेला असता. तुमच्या संशयापायी."

"मला काय माहीत, तू—"

"सांगायचं नसतं. नियमच आहे तिथला. कोण फोन करतं, काय बोलतं, घरीसुद्धा सांगायचं नाही." थोडं अंतर चालून गेल्यावर ती हलक्या आवाजात म्हणाली, "मी तिथे आधी काम करायला नव्हते गेले. आधी फोन केला होता मी."

"तू? कशासाठी?"

"एकदा देवळातून... नाही, कुठून ते जाऊ दे. उशीर झाला होता मला घरी यायला. तुम्ही माझी चप्पल उलटी करून बघितलीत, कुठली माती लागलीय म्हणून. तुम्हाला आठवतही नसेल. मला त्या दिवशी वाटलं, आपण काहीही बोललो तरी ते खोटंच ठरणार, मग तोंड तरी कशाला उघडायचं? तेव्हा फोन केला. पलीकडे नर्सबाई होत्या. मी सांगत गेले आणि त्या नुसत्या 'हं' म्हणत गेल्या. कुणीतरी माझं सगळं खरं धरून ऐकलं, बस्."

टेस्टरला ती चप्पल आठवत होती. माती तांबूस होती, हेसुद्धा आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी लाइनी बंद असतात त्या वेळी तो गेला, डबी बदलली, सगळ्या तारा नव्याने कसल्या. नर्सबाईंनी त्याला चहा दिला आणि स्पष्ट सांगितलं की पुन्हा काही बिघडलं तर बोलावू, पण कुणी फोनवर असताना इथे पाऊल टाकायचं नाही. बायको बरेच दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. त्यालाही ते चुकीचं वाटलं नाही. दुपारी ती निघाली की 'कुठे' हा शब्द त्याच्या जिभेवर यायचा, कधी गिळला जायचा, कधी निसटून जायचा. निसटला की ती दारात थांबून नुसती बघायची, आणि हा पेपर वर उचलायचा.

एक प्रश्न मात्र त्याला खात होता. शेवटी त्याने विचारलाच.

"तो माणूस... तो आहे ना गं अजून?"

"मला माहीत नाही."

"म्हणजे? त्याने पुन्हा फोन नाही केला?"

"केला असला तरी दुसऱ्या कुणी घेतला असेल. आम्हाला कळत नसतं, आणि शोधायचंही नसतं."

"मग तू झोपतेस कशी?"

"त्याचा भाऊ आला होता," बायको म्हणाली. "मी तेवढं धरून बसलेय."

टेस्टरला ते जमेना. ज्याची खात्री करून घेता येत नाही अशी गोष्ट घेऊन जगायची त्याला सवय नव्हती. बाहेर पडला की त्याची नजर लोकांच्या तोंडांवर फिरायची. औषधाच्या दुकानात गोळ्या मोजून घेणारा तो असेल? बाकावर एकटा बसलेला, बुटांकडे बघणारा? हिरव्या सायकलवरून जाणारा कुणी दिसला की याची मान त्याच्यामागे वळायची. आता प्रत्येक परक्या माणसाबद्दल त्याला एकच संशय यायचा, की हाच असेल, आणि आज याचा भाऊ जवळ नसेल.

परवा बसस्टॉपवर मधल्या वयाचा एक माणूस उभा होता. दाढी वाढलेली, नजर कुठेतरी लांब. एक बस आली, गेली, तो चढला नाही. दुसरी आली, तरीही नाही. टेस्टरने आपलीही बस जाऊ दिली. मग सरकत सरकत त्याच्याजवळ गेला आणि घसा खाकरून म्हणाला, "बरे आहात ना?"

माणसाने दचकून त्याच्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग हातातली पिशवी छातीशी घट्ट धरून म्हणाला, "का? कोण तुम्ही? काय हवंय?"

"काही नाही," टेस्टर म्हणाला. "सहज विचारलं."

"सहज कुणी विचारतं का?" माणूस म्हणाला आणि चार पावलं बाजूला जाऊन उभा राहिला, पण पुढची बस आली तेव्हा तो चढला. टेस्टर ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला.